नॅनो युरियाची बाटली: तुमच्याकडे लोकांचं मत कसं बनलं?

काळीमाती (धागालेखक)

नमस्कार मंडळी. शेती विभागात नॅनो युरियावर सुटेसुटे प्रतिसाद बरेच आहेत, पण सगळे 'पंपाला किती मिली' इथेच संपतात. मला विचारायचंय ते वेगळं आहे. एवढं नवं तंत्रज्ञान थेट बांधावर आलं, त्याबद्दल लोकांचं मत नक्की कशावरून बनलं?

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅनो युरिया म्हणजे पानांवर फवारायचं द्रवरूप नत्र खत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात घेतलं गेलं, ३१ मे २०२१ ला इफ्को या सहकारी खत संस्थेने ते जाहीर केलं, आणि २८ मे २०२२ ला गुजरातेत कलोलच्या कारखान्याचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. कण २० ते ५० नॅनोमीटरचे. ५०० मिलीची एक बाटली साध्या युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीचं काम करते, असा प्रचार. किंमत आधी २४०, पुढे २२५. अनुदान नाही. वर्तमानपत्रं, कृषी प्रदर्शनं, भिंतींवरचे रंगवलेले फलक, सगळीकडे हिरवं पान आणि पांढरी बाटली.

आता आमच्या भागातलं (परभणी-हिंगोली) निरीक्षण. शहरातल्या मित्रांशी बोललं की ते विचारतात, इतके बारीक कण पोटात गेले तर? मातीतल्या जिवाणूंचं काय? गावात हा प्रश्न मला एकानेही विचारलेला नाही. भीती नाही आणि उत्सुकताही नाही. सगळे तिला 'ती बाटली' म्हणतात. ती चांगली का वाईट हे विचारलं की गडी तंत्रज्ञानावर बोलत नाही, दुकानावर बोलतो. माझा कयास असा की बाटलीबद्दलचं मत काउंटरवर बनलं, शेतात नाही. तुमच्याकडे काय?

---

कपाशीवाला_अकोट

मत कायले बनवा लागते भाऊ? जुलैत पाऊस पडला, कपाशीले युरिया पाहिजे, दुकानात गेलो. अंगठा लावला मशीनवर. दुकानदार म्हणे दोन पोत्यावर एक बाटली घ्याच लागते. म्हटलं मले नको. तं म्हणे मंग युरिया बी नाही. घेतली. घरी तशा चार पडल्या हायेत, फडताळात. पोराने एक दिवस विचारलं बाबा हे काय हाय, म्हटलं दंड हाय.

---

सह्याद्रीपलीकडे

धागा उत्तम. मी शेतकरी नाही, त्यामुळे वाचतोय. एकच भाबडा प्रश्न: लिंकिंगला, म्हणजे एका मालासोबत दुसरा घ्यायची सक्ती करायला, बंदी आहे ना?

---

कृषीकेंद्र_चालक

आहे हो, कागदावर आहे. मी दुकानदार, त्यामुळे इथे शिव्या खायला मीच पुढे होतो.

लोकांना वाटतं आम्ही बाटली गळ्यात मारतो आणि कमिशन खातो. आमच्या बाजूने बघा. ऐन हंगामात युरियाची गाडी मागवायची तर घाऊकवाला म्हणतो, सोबत एवढे बॉक्स उचला. बिलावर दोन्ही वेगळं, तोंडी मात्र एकत्र. कुठली कंपनी, कुठला घाऊकवाला ते लिहीत नाही, धंदा करायचाय. युरियावर सुटणारं मार्जिन किती ते सगळ्यांना माहीत आहे, वाहतूक-हमालीतच जातं. मग ते बॉक्स मी काय दुकानात सजवून ठेवू? माझे पैसे अडकलेत. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती आली की माल माझ्या अंगावर. विक्रेत्यांच्या संघटनांनी यावर निवेदनं दिली, दुकानं बंद ठेवायचे इशारेही दिले. हंगाम आला की पुन्हा तेच.

काळीमाती साहेबांचा कयास बरोबर आहे. पण काउंटरच्या अलीकडे उभा असलेला माणूसही नाराज आहे एवढं लक्षात ठेवा.

---

कांदा_बाजार

मी वेगळं बोलणार, त्यामुळे आधीच रामराम. मी वापरलाय, स्वखुशीने वापरलाय, आणि रिझल्ट आहे. उन्हाळ कांद्याला लागवडीनंतर महिन्याने पहिली फवारणी, मग तीन आठवड्यांनी दुसरी. पात हिरवीगार झाली, शेजारी विचारायला आला. गोणीतला निम्मा युरिया हवेत उडतो नाहीतर पाण्याबरोबर खाली जातो, हे तर विद्यापीठही सांगतं. पानावर थेट दिलं तर वाया कमी जाणार, यात न पटण्यासारखं काय आहे? आपल्याकडे नवं काही आलं की आधी नाकं मुरडायची.

---

निवृत्त_कृषीवाला

@कांदा_बाजार, पंपात सोबत काय होतं?

---

कांदा_बाजार

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं, आणि करप्यासाठी बुरशीनाशक. सगळेच टाकतात.

---

निवृत्त_कृषीवाला

मग हिरवेपणा कोणाच्या नावावर मांडायचा, हे तुम्हीच ठरवा. रागावू नका, तुमचं निरीक्षण मी खोटं म्हणत नाही. तीस-बत्तीस वर्षं खात्यात काढली, शेतकऱ्याचा डोळा चुकत नाही हे मला माहीत आहे. पण तो डोळा पंपात काय काय होतं ते वेगळं करू शकत नाही.

आता हिशेब मांडतो, तो कोणालाही घरी करून बघता येईल.

गोणी ४५ किलो, त्यात ४६ टक्के नत्र. म्हणजे २०.७ किलो. मूळ बाटलीत ४ टक्के नत्र, म्हणजे ५०० मिलीत २० ग्रॅम. किलो नव्हे, ग्रॅम. तेव्हा 'बाटली म्हणजे गोणी' हे खरं ठरायचं तर बाटलीतल्या नत्राने हजारपट काम करायला हवं. युरिया शंभर टक्के वाया जात असता तरी एक वेळ समजलं असतं. निम्मा वाया जातो म्हणता, तर उरलेला दहा किलो झाडाला मिळतोच ना? नंतर 'नॅनो युरिया प्लस' आलं, त्यात २० टक्के. तरी १०० ग्रॅमच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पानावरून युरिया देणं ही काही नवी विद्या नाही. कपाशीला फुलोऱ्यात २ टक्के युरियाची फवारणी आम्ही कित्येक वर्षं सांगत आलो. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम साधा युरिया. त्यात नत्र १३८ ग्रॅम, खर्च दोन रुपयांच्या आत (गोणी २६६ रुपये ५० पैसे धरली आहे). त्याच पंपाला लिटरला ४ मिली या दराने ६० मिली नॅनो. नत्र २.४ ग्रॅम, खर्च २७ रुपये. शेतकऱ्याला नॅनोमीटर कळत नसेल, पण हे त्याला तोंडपाठ कळतं.

---

आडसाली

कोल्हापूरकडून नमस्कार. आमच्या आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. एकरी १६०. निवृत्त साहेबांच्या हिशेबाने २० ग्रॅमची बाटली धरली तर एकरी ८००० बाटल्या. २२५ ने १८ लाख रुपये. उसाचा भाव सांगू का?

---

कांदा_बाजार

हा हिशेब मुद्दाम वाकडा केलाय. बेसल डोस (पेरणी-लागवडीच्या वेळचं खत) गोणीचाच द्या, फक्त वरचा हप्ता (उभ्या पिकाला द्यायचं खत) बाटलीने बदला, असं कंपनी सुरुवातीपासून सांगते. ९४ पिकांवर, ११ हजारांवर शेतकऱ्यांच्या शेतांत चाचण्या झाल्या, सरासरी ८ टक्के उत्पादन वाढलं असं जाहीर झालंय. हे सगळं खोटं का?

---

आडसाली

वाकडा केलाय, कबूल. पण भिंतीवरच्या फलकावर 'बेसल सोडून' असं बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं बरं का. एक बाटली, एक गोणी, मध्ये बरोबरचं चिन्ह. हिशेब आम्ही वाकडा करायच्या आधी तो तिथेच वाकडा होता.

---

रसायनवाली

मी नेदरलँड्समध्ये असते, रसायनशास्त्र हा पोटापाण्याचा विषय. माहेर बारामतीकडचं, त्यामुळे धागा दोन्ही बाजूंनी वाचला. दोन गोष्टी लिहिते.

पहिली शास्त्राची. युरियाचा रेणू मुळातच एक नॅनोमीटरपेक्षा लहान असतो आणि तो पाण्यात पूर्ण विरघळतो. साध्या युरियाच्या द्रावणात तो रेणूरेणूने सुटा झालेला असतो आणि पान तो शोषतंही, म्हणून तर निवृत्त काकांची २ टक्के फवारणी चालते. मग त्याचे २०-५० नॅनोमीटरचे कण करून नेमका फायदा काय, हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. कोपनहेगन विद्यापीठातल्या मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड या दोघांनी २०२३ मध्ये 'प्लँट अँड सॉइल' या नियतकालिकात हेच प्रश्न विचारले, फार कडक भाषेत.

दुसरी तुमच्या मूळ विषयाची. इकडे युरोपात लोकांची नॅनोबद्दलची वृत्ती बरोबर उलटी आहे. सौंदर्यप्रसाधनांत नॅनो घटक असेल तर घटकांच्या यादीत तसं छापणं २०१३ पासून बंधनकारक आहे, कारण ग्राहकाला कळलं पाहिजे. खाद्यपदार्थांना पांढरा रंग देणारं टायटॅनियम डायऑक्साइड २०२२ मध्ये बंदच झालं, त्यामागे बारीक कणांची शंकाही होती. इथे 'नॅनो' लिहिलं की माणूस बाटली उलटी करून वाचायला लागतो. तिकडे तोच शब्द पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात.

---

जयकिसान७

परदेशात बसून शास्त्रज्ञांना भारतीय शोध सहन होत नाही. रमेश रालिया राजस्थानच्या गावातला मुलगा, त्याने शोध लावला म्हणून पोटदुखी. युरियाची आयात थांबली तर नुकसान कोणाचं होणार, याचाही विचार करा.

---

निवृत्त_कृषीवाला

जयकिसान, लुधियाना परदेशात कधी गेलं? तिथल्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं चाचणी घेतली. शिफारशीच्या नत्राऐवजी नॅनोची शिफारस पाळली तेव्हा गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के घटलं. दाण्यातलं प्रथिनही कमी झालं. हरितक्रांती ज्या विद्यापीठाच्या अंगणात झाली ते हे विद्यापीठ.

आयातीचा मुद्दा मात्र खरा आहे. देशाला वर्षाला साधारण ३५० लाख टन युरिया लागतो, सगळा इथे होत नाही, आणि जी गोणी आपण २६६ ला घेतो तिची खरी किंमत कितीतरी पट. सरकारला त्यातून सुटका हवी यात गैर काही नाही. युरिया आपण गरजेपेक्षा जास्त टाकतो हेही खरं. पण ते सांगायला बाटली लागत नाही, माती परीक्षण लागतं. त्याच्या प्रयोगशाळेत किती पदं भरलेली असतात ते मी इथे लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.

---

ड्रोनवाली_ताई

मी बचत गटाकडून ड्रोन चालवते. प्रशिक्षण झालं, परवाना आहे. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार गटांना ड्रोन द्यायचे ठरले, त्यातला एक आमचा.

सगळे बाटलीवर तुटून पडलेत म्हणून सांगते. पाठीवरच्या पंपाला एकरी १५० लिटर पाणी जातं, ड्रोनच्या टाकीत १० लिटरच. त्या १० लिटरमध्ये दोन-तीन किलो साधा युरिया विरघळवला तर पान करपणार. बाटली तिथे बसते. बाटलीचा उपयोग मला पंपावर दिसत नाही, ड्रोनवर दिसतो. त्यात नत्र पुरेसं जातं का, हे मात्र मी नाही सांगू शकणार, ते तुम्ही शिकलेल्यांनी भांडून ठरवा.

आणि लोकांच्या मताचं म्हणाल तर ड्रोनबद्दल आमच्याकडे कोणी वाईट बोलत नाही. पहिल्या दिवशी अख्खी वस्ती बघायला आली होती. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन. औषध कुठे पडलं, किती वेळ लागला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मजूर मिळत नाही, मिळाला तर त्याला औषधाचा वास सहन होत नाही. माझी अडचण बॅटरीची आहे, लोकांच्या विश्वासाची नाही. बाटली मात्र काढली की विचारतात, 'ताई, ही कोणी घ्यायला लावली?'

---

कपाशीवाला_अकोट

ताई बराबर बोलल्या. ड्रोन आमच्याकडं बी याव. फवारणीचं भ्या बसलं हाय लोकाईले. २०१७ साली यवतमाळात फवारता फवारता वीसच्या वर माणसं गेली, ते इसरलं नाही कोणी. त्यात ह्यायनं दोन फवारण्या वाढोल्या. पोतं फेकाले बाई-माणूस कोणी बी चालते, बाटलीले पंपवाला पाहिजे. त्याची मजुरी बाटलीत धरली काय कोणी?

---

बोंडअळी

कपाशीवाला भाऊंचा मुद्दा धाग्याच्या मथळ्यात टाकायला हवा.

मी काळीमातींच्या प्रश्नाकडे परत येतो. शेतकरी नव्या तंत्रज्ञानाला बिचकतो हे शहरी लोकांचं आवडतं वाक्य आहे, आणि ते आपल्याच राज्यात धडधडीत खोटं ठरलेलं आहे. बीटी कापसाला (बोंडअळीला तोंड देणारं जनुक घातलेलं वाण) मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्याच्या आधीच्या हंगामात गुजरातेत विनापरवाना बीटी शेतात उभी होती. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला परवानगी नसताना जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने जाहीर सत्याग्रह करून ती पेरली. गुन्हे दाखल होतील हे माहीत असून. पाकिटाला जास्त पैसे मोजून, रात्री-अपरात्री बियाणं आणून लोकांनी लावलं.

म्हणजे सरकारने 'नको' म्हटलेलं बियाणं शेतकऱ्याने चोरून आणलं, आणि सरकार 'घ्या, घ्या' म्हणत असलेली बाटली फडताळात ठेवली. त्याला जनुक कळलं आणि नॅनो कळलं नाही असं थोडंच आहे? निंदणाची मजुरी वाचते हे त्याला पहिल्याच हंगामात खिशात दिसलं. बाटलीत त्याला दिसण्यासारखं काही नव्हतं.

---

देशीवाण

बोंडअळी यांच्याशी अर्धाच सहमत. लोकांनी आपणहून उचललं म्हणजे ते चांगलंच, असा अर्थ निघत असेल तर थांबा. त्याच बीटीवर २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुमच्या नावातच आहे. आश्रय ओळी (अळीला प्रतिकारक होऊ न देण्यासाठी कडेने लावायची बिगर-बीटी कपाशी) कोणी लावल्या होत्या? गर्दी चुकू शकते.

मला वेगळं खटकतं. बीटी वांग्याच्या वेळी निदान विचारलं तरी. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश सात शहरांत जनसुनावणीला गेले, त्यातलं एक नागपूर, जानेवारी २०१०. आरडाओरडा झाला, शास्त्रज्ञ बोलले, शेतकरी दोन्ही बाजूंनी बोलले, आणि फेब्रुवारीत स्थगिती आली. निर्णय कोणाला पटला, कोणाला नाही. ज्या जालन्याच्या कंपनीचं वांगं होतं तिला अर्थातच नाही. पण बोलायला जागा होती. नॅनो शेतीत येताना अशी एक तरी सुनावणी झाल्याचं कोणाला आठवतं का? जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये नॅनो निविष्ठांच्या (शेतीला लागणारी खतं-औषधं) तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, चांगलं केलं. ती गावात कोणी वाचली? पुढच्या वर्षी बाटली दुकानात.

शहरवाले कणांच्या सुरक्षिततेबद्दल विचारतात त्याला इथे थोडं हसण्यावारी नेलं गेलं. ते मला पटलं नाही. प्रश्न योग्य आहे, फक्त तो विचारायची वेळ आपल्यावर आलीच नाही, कारण आपण अजून 'घ्यायची का नाही' यावरच भांडतोय.

---

सह्याद्रीपलीकडे

आमच्या घरी गाळणीत चांदीचे नॅनो कण असलेलं फिल्टर कित्येक वर्षं होतं. त्यावर कोणी घरात चर्चा केल्याचं स्मरत नाही. पाणी स्वच्छ दिसायचं, विषय संपला.

---

जयकिसान७

मुख्य भ्रष्टाचारावर कोणी बोलत नाही. राज्याच्या कृषी खात्याने याच बाटल्या

*(पुढचा मजकूर काढला आहे. त्या सरकारी खरेदीवर राजकारण विभागात दोन धागे चालू आहेत, तिकडे बोला. इथे नावं घेऊन आरोप नकोत. – संपादक)*

---

कृषीकेंद्र_चालक

संपादकांनी कापलं ते ठीक, पण दुकानात त्या बातम्यांचा परिणाम झाला हे लिहायला हरकत नसावी. आधी लोक म्हणायचे 'काम करत नाही'. त्यानंतर म्हणायला लागले 'कोणीतरी खाल्लं'. दुसऱ्या मताला उत्तर देता येत नाही. माझ्याकडे उद्या खरंच उत्तम नॅनो खत आलं तरी ते मी कसं विकणार? नॅनो डीएपीचंच बघा. ६०० ची बाटली, त्यात ८ टक्के नत्र, १६ टक्के स्फुरद, बीजप्रक्रियेला वापरायची शिफारस. काही शेतकरी सांगतात उगवण बरी आली. पण बॉक्स उघडला की समोरचा आधीच हात आखडतो.

---

काळीमाती (धागालेखक)

प्रतिसादांबद्दल आभार. कांदा_बाजार आणि निवृत्त काका, वाद निकालात काढायला एक सुचवतो. येत्या खरिपात आपल्यापैकी चार-पाच जणांनी आपापल्या शेतात पट्टे पाडून बघितलं तर? वजनं इथेच टाकू. मी सोयाबीनच्या दोन एकरांत करायला तयार आहे. काका, पट्टे कसे पाडायचे ते सांगा.

---

कृषीकेंद्र_चालक

बाटल्या माझ्याकडून न्या, पैसे नकोत. फक्त मुदत बघून घ्या.

---

कपाशीवाला_अकोट

बाटली फुकट नेतो, पण संगं एक पोतं युरिया द्या लागन. आता आमचं लिंकिंग.

---

कांदा_बाजार

मी तयार. पंपात दुसरं काही टाकणार नाही, शब्द दिला.

---

निवृत्त_कृषीवाला

काळीमाती, सोयाबीनवर करू नका. ते मुळाच्या गाठींतून स्वतःचं नत्र स्वतः घेतं, फरक दिसला तरी कशाचा ते कळणार नाही, आणि नाही दिसला तर कांदा_बाजार म्हणतील पीकच चुकीचं निवडलं. मका घ्या. नत्राला हावरट पीक, कमी पडलं की खालची पानं लगेच पिवळी पडून सांगतात.

एकाच वावरात, एकाच दिवशी पेरलेल्या मक्यात चार पट्टे. बेसल चौघांना सारखा. पहिल्या पट्ट्याला वरचा हप्ता गोणीतून, शिफारशीप्रमाणे. दुसऱ्याला वरचा हप्ता नाही, नॅनोच्या दोन फवारण्या. तिसऱ्याला वरचा हप्ता नाही, त्याच दोन दिवशी २ टक्के साधा युरिया. चौथ्याला वरचा हप्ता नाही आणि त्याच दिवशी नुसतं पाणी. हा चौथा पट्टा सगळे गाळतात, आणि त्याच्याशिवाय बाकी तिघांना अर्थ नाही. जमिनीतच नत्र भरपूर असेल तर चारही सारखे येतील आणि बाटलीवाला म्हणेल बघा, गोणीइतकंच आलं.

पट्ट्याच्या कडेच्या दोन ओळी मोजणीतून सोडा. कणसं वेगळ्या पोत्यांत भरा, दाणे वाळवून वजन करा, ओलं करू नका. फवारणी करणाऱ्याची मजुरी वेगळी लिहून ठेवा, कपाशीवाला भाऊ विचारणार आहेत.